सेन्सर्ड की सेन्सरलेस : मुरमाच्या ट्रॅकवर १:१० बग्गीसाठी कोणती ब्रशलेस मोटर घ्यावी?

मखमलाबाद_मुरूम :
नमस्कार. मखमलाबादच्या बाजूला एका मित्राच्या रिकाम्या प्लॉटवर आम्ही काही जणांनी रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी छोटा ट्रॅक केला आहे. मुरूम पसरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून पृष्ठभाग घट्ट केला आणि द्राक्षबागेतून निघालेले ठिबकचे जुने पाइप कडेने अंथरून हद्द आखली. सरळ पट्टा एकच आहे. बाकी सगळी वळणे आहेत आणि त्यांतली दोन इतकी आवळ आहेत की तेथे गाडी जवळजवळ उभी राहते आणि मग पुन्हा सुटते.

माझ्याकडे १:१० मापाची, मागच्या दोन चाकांवर चालणारी बग्गी आहे. तिला सध्या ५४० आकाराची साधी ब्रशची मोटर आहे आणि आता ब्रशलेस बसवायची आहे. दुकानदारांचे म्हणणे असे की सेन्सरलेस संच स्वस्त आणि दणकट असतो. शर्यतीत मुरलेले मित्र मात्र सेन्सर्डशिवाय दुसरे नावच घेत नाहीत. माझा कल आजघडीला सेन्सरलेसकडे आहे, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात फुफाटा असतो, जूनपासून चिखल असतो आणि त्यात सेन्सरची ती बारीक वायर ही आणखी एक काळजी होऊन बसेल असे वाटते. सेन्सर्ड मोटर मऊ चालते, एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही. ती तशी का चालते, आणि हा फरक कोणत्या वेगापर्यंत टिकतो, हे दोन्ही प्रकार चालवलेल्यांनी सांगितले तर निर्णय करता येईल.

अंबड_ड्राइव्ह :
मी अंबड एमआयडीसीत सर्वो ड्राइव्हच्या कामात आहे, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे. थोडे सविस्तर लिहितो.

ब्रशलेस मोटरमध्ये वाइंडिंग बाहेरच्या स्टेटरवर स्थिर असते आणि मधल्या शाफ्टवर चुंबकाचा रोटर फिरतो. ब्रशच्या मोटरमध्ये कोणत्या वाइंडिंगला कधी वीज द्यायची हे कम्युटेटर आपोआप ठरवतो. येथे ते काम ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलरला, करावे लागते, आणि त्यासाठी रोटर या क्षणी नेमका कोठे आहे हे त्याला ठाऊक असावे लागते. दोन्ही प्रकारांतला सगळा फरक ही माहिती कोठून मिळते यात आहे. मोटर तीच, चुंबक तोच, तीन जाड वायरीही त्याच.

सेन्सर्ड मोटरच्या मागच्या झाकणात एका छोट्या बोर्डवर तीन हॉल सेन्सर असतात. रोटरच्या चुंबकाचा उत्तर ध्रुव समोर आहे की दक्षिण, एवढेच प्रत्येक सेन्सर सांगतो. तिघांच्या उत्तरांच्या आठ जोडण्या संभवतात. त्यांतल्या 'तिन्ही शून्य' आणि 'तिन्ही एक' या दोन प्रत्यक्षात येत नाहीत, म्हणून सहा अवस्था उरतात. म्हणजे गाडी पूर्ण थांबलेली असतानाही रोटर साठ अंशांच्या कोणत्या टप्प्यात आहे हे ईएससीला माहीत असते आणि पहिल्याच क्षणी योग्य वाइंडिंगला वीज मिळते.

सेन्सरलेसमध्ये ईएससी दुसरी युक्ती करतो. कोणत्याही क्षणी वाइंडिंगच्या तीन फेजांपैकी (गटांपैकी) दोघांतून प्रवाह जातो आणि तिसरी मोकळी असते. फिरता चुंबक त्या मोकळ्या फेजमध्ये व्होल्टेज निर्माण करतो. त्यालाच बॅक ईएमएफ म्हणतात. ते शून्य रेषा कधी ओलांडते हे पाहून रोटरची जागा ओळखली जाते. अडचण अशी की हे व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात असते, आणि थांबलेल्या मोटरमध्ये ते मुळी नसतेच.

आपल्या बग्गीचाच हिशेब करू. मागच्या चाकाचा परीघ साधारण २७ सेंटिमीटर आणि एकूण गिअर गुणोत्तर ९ (चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे नऊ फेरे) धरले, तर गाडी सेकंदाला १ मीटर वेगाने सरकत असताना मोटर मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेते. ३५०० केव्हीच्या, म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे घेणाऱ्या मोटरमध्ये त्या वेळी बॅक ईएमएफ जेमतेम अर्धा व्होल्ट असतो. हीच गाडी ताशी ४० किलोमीटरने धावते तेव्हा मोटर २२,००० च्या आसपास फिरते आणि तोच आकडा सहा व्होल्टच्या पुढे जातो. वरच्या वेगात ईएससीला रोटर स्वच्छ दिसतो, खालच्या वेगात तो स्विचिंगच्या गोंगाटात बुडतो आणि अगदी सुटताना ईएससीला अंदाजानेच ढकलावे लागते. तो अंदाज हुकला की गाडी झटके देते. त्यालाच आपण कॉगिंग म्हणतो.

सिन्नर_शॉर्टकोर्स :
अंबडसाहेबांचा हिशेब मान्य आहे, पण त्यावरून लगेच सेन्सर्ड घ्या असे सांगणे मला घाईचे वाटते. मी ट्रॅक्ससचा शॉर्टकोर्स ट्रक चालवतो. त्यात ३५०० केव्हीची व्हेलिनियन मोटर आणि व्हीएक्सएल-३एस ईएससी आहे, आणि हा संच सेन्सरलेस आहे. सिन्नरच्या माळावर आणि पावसाळ्यात डबक्यांतून मी तो मनसोक्त पळवला आहे. सुटताना क्वचित एखादा हिसका येतो, पण एकदा गाडी सरकली की पुढे काही जाणवत नाही. मोटरपासून ईएससीपर्यंत फक्त तीन जाड वायरी असल्यामुळे बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही. धाग्याच्या मालकांनी स्वतःच फुफाटा आणि चिखल सांगितला आहे, तेव्हा त्यांचा पहिला कल मला योग्य वाटतो.

अंबड_ड्राइव्ह :
सिन्नरकर, तुमचा अनुभव खरा आहे आणि तो माझ्या हिशेबाच्या विरुद्ध जात नाही. माळावर तुमची गाडी किती वेळा पूर्ण थांबते? एकदा सुटली की ती वेगातच राहते. मखमलाबादच्या ट्रॅकवर दर फेरीत दोनदा गाडी जवळजवळ उभी राहते, म्हणजे ईएससीला नेमक्या त्याच आंधळ्या पट्ट्यातून दर फेरीत दोनदा जावे लागते.

इंदिरानगर_ऑनरोड :
मी तमियाची टीटी-०२ ही रस्त्यावरची गाडी चालवते आणि वळणाच्या बाबतीत अंबडदादांशी पूर्ण सहमत आहे. माझ्या मते मात्र झटका हा मुख्य मुद्दा नाही. आवळ वळणात शिरताना आपण ब्रेक लावतो, गाडी वळते आणि बाहेर पडताना थ्रॉटल अगदी थोडा, दहा-पंधरा टक्के उघडतो, कारण मागची चाके मातीवर घसरण्याच्या काठावर असतात. त्या वेळी बोटाने जितके मागितले तितकेच मोटरने द्यावे अशी अपेक्षा असते. सेन्सर्ड मोटर ते देते. सेन्सरलेस मोटर त्या पट्ट्यात क्षणभर काहीच देत नाही आणि मग एकदम जास्त देते. दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीला तेवढे पुरते आणि तिची शेपटी फिरते. फेरीची वेळ जाते ती येथे. सरळ पट्ट्यावर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी धावतात.

ब्रेकचेही तसेच आहे. थांबण्याच्या अगदी जवळच्या वेगात सेन्सर्ड संचाचा ब्रेक दर वेळी सारखा लागतो, आणि चालकाचा आत्मविश्वास त्यावर उभा असतो.

दुसरी गोष्ट नियमांची. जगभर १:१० च्या संघटित शर्यतींत वर्ग ठरतात ते वाइंडिंगच्या वेढ्यांवर : २१.५, १७.५, १३.५ आणि त्याखाली मॉडिफाइड. वेढे जितके कमी तितकी मोटर वेगवान. अमेरिकेत रोअर ही संस्था मान्यताप्राप्त मोटरींची यादी ठेवते आणि या वर्गांतल्या मोटरी सेन्सर्ड असतात. स्टॉक वर्गात, म्हणजे ठरलेल्या वेढ्यांच्या मोटरींच्या वर्गात, ईएससीचे टायमिंग (वाइंडिंगला वीज किती आधी द्यायची ते) शून्यावर ठेवावे लागते आणि ते तसे आहे हे दाखवण्यासाठी ईएससीचा दिवा लुकलुकत राहतो, म्हणून त्या प्रकाराला ब्लिंकी हे नाव पडले. सगळ्यांच्या मोटरी सारख्या ठेवून चालकाचे कौशल्य मोजायचे, हा त्यामागचा विचार आहे. तुमच्या गटाला पुढे कधी बाहेरगावच्या शर्यतीत उतरायचे असेल, तर आतापासून सेन्सर्ड घेतलेली बरी.

मखमलाबाद_मुरूम :
ताई, वळणातून बाहेर पडताना काय होते हे तुम्ही फार नेमके सांगितलेत. मग एक शंका. मोटरच्या मागच्या झाकणावर अंशांच्या खुणा असतात आणि ते फिरवता येते. शून्य टायमिंगच्या वर्गातही ते चालते का? आणि सेन्सरलेसमध्ये ते नसते म्हणून काही बिघडते का?

इंदिरानगर_ऑनरोड :
झाकण फिरवले की सेन्सरचा बोर्ड स्टेटरच्या तुलनेत सरकतो, त्यामुळे प्रत्येक फेजला वीज थोडी आधी मिळू लागते. त्याने फेरे वाढतात, सोबत प्रवाह आणि उष्णताही वाढते. ब्लिंकीमध्ये बंदी असते ती ईएससीने वेगानुसार टायमिंग वाढवण्यावर, ज्याला बूस्ट आणि टर्बो म्हणतात. झाकणावरचे टायमिंग वर्गाच्या नियमांत राहून बदलता येते. सेन्सरलेसमध्ये टायमिंग सर्वस्वी ईएससीच्या हातात असते. त्यात बिघडत काही नाही, पण स्पर्धकांमध्ये तुलना करणे अवघड जाते.

दिंडोरी_फवारणी :
मी ड्रोनने द्राक्षबागांत फवारणी करतो, त्या बाजूने एक भर घालतो. आमच्या ड्रोनच्या मोटरी ब्रशलेस आहेत आणि सगळ्या सेन्सरलेस आहेत, तरी एकही सुटताना अडखळत नाही. कारण पंख्याचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो. मोटर सुटते तेव्हा पात्यांवर भार जवळपास नसतोच, त्यामुळे ईएससीचा अंदाज थोडा चुकला तरी रोटर मुकाट्याने जागेवर येतो. गाडीचे उलट आहे. तिचे सगळे वजन मातीवर टेकलेले असते आणि मोटरकडून सर्वांत जास्त जोर मागितला जातो तो वेग शून्य असतानाच. घरात ब्रशलेस छताचा पंखा असेल तर तो सुरू होताना बघा : काही पंखे आधी किंचित मागे हलतात आणि मग योग्य दिशेला फिरू लागतात. पंख्याला ते शोभून जाते, शर्यतीच्या गाडीला नाही.

अंबड_ड्राइव्ह :
फवारणीवाले, अगदी मर्मावर बोट ठेवलेत. 'सेन्सरलेस वाईट असते तर ड्रोन कसे उडतात' हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर हेच आहे. वाईट काहीच नाही, भाराचा स्वभाव निराळा आहे.

सातपूर_दुरुस्ती :
आता वायरीबद्दल, कारण मूळ काळजी तीच आहे आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सेन्सर्ड गाड्यांत तक्रार बहुतेक वेळा तेथेच निघते.

सेन्सरच्या वायरीत सहा तारा असतात. एक ग्राउंड, एक पाच व्होल्टची, तीन हॉल सेन्सरच्या आणि एक मोटरचे तापमान कळवणारी. दोन्ही टोकांना दीड मिलिमीटर अंतराच्या पिनांचे लहान कनेक्टर असतात. गाडी उलटते, धक्के बसतात, वायर मोटरच्या कडेला घासते आणि आतली एखादी तार अर्धवट तुटते. मग उभ्या गाडीत सगळे ठीक दिसते आणि उडीनंतर जमिनीवर आदळताच मोटर थरथरू लागते. लोक मोटर जळाली असे समजून नवी मागवतात. माझा आग्रह असा की आधी वायर बदलून पाहावी. ती सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि झिजणारा भाग म्हणून एक जास्तीची नेहमी पेटीत असावी.

वायर काढताना तारांना धरून ओढू नये, कनेक्टरच्या प्लॅस्टिकला धरावे. ती किंचित सैल ठेवून चेसिसला बांधावी, म्हणजे धक्का पिनांपर्यंत पोहोचत नाही. फुफाट्यात चालवून आणल्यावर कनेक्टरच्या खाचेत हवा मारावी आणि अधूनमधून कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा. पिनांवर तेल कधीही सोडू नये, ते धूळ धरून ठेवते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. सेन्सरलेस मोटर उलटी फिरली तर तीन जाड वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की दिशा बदलते. सेन्सर्डमध्ये असे कदापि करू नये. ए, बी आणि सी या वायरी ईएससीवरच्या त्याच अक्षरांना जोडायच्या आणि दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदलायची. क्रम चुकला तर सेन्सरचे सांगणे आणि प्रत्यक्ष वाइंडिंग यांचा मेळ बसत नाही आणि मोटर किंवा ईएससी जळू शकतो.

सिन्नर_शॉर्टकोर्स :
सातपूरकरांनी जे लिहिले त्यातून माझा मुद्दाच सिद्ध होतो. इतकी निगा प्रत्येक जण राखेल का? शिवाय पाण्याचे काय? सेन्सरचा बोर्ड मागच्या बाजूला असतो आणि शर्यतीच्या बऱ्याच सेन्सर्ड मोटरींना हवा खेळण्यासाठी खिडक्या ठेवलेल्या असतात. आमच्या बंद डब्याच्या सेन्सरलेस मोटरी चिखलातून निघतात, पाण्याने धुतल्या जातात, बेअरिंगला तेल मिळते आणि पुन्हा चालतात.

सातपूर_दुरुस्ती :
पाण्याच्या बाबतीत तुमच्याशी वाद नाही. ज्याला पावसाळ्यात चालवायचेच आहे त्याने सेन्सरलेस आणि जलरोधक संच घ्यावा, असे मीही सांगतो. पण मुरमाचा आखीव ट्रॅक भर पावसात कोणी चालवत नाही. ओल्या मुरमावर गाड्या फिरवल्या तर चाकोऱ्या पडतात आणि पावसाळा संपल्यावर ट्रॅक नव्याने करावा लागतो.

देवळाली_पालक :
चर्चा वाचत होतो. माझी मुलगी सहावीत आहे आणि तिला गाडी हवी आहे. शिकणाऱ्या मुलांसाठी यातले काय योग्य? वेग कमी ठेवायचा आहे.

इंदिरानगर_ऑनरोड :
देवळालीकर काका, वेग कमी ठेवायचा असेल तर २१.५ किंवा १७.५ वेढ्यांची सेन्सर्ड मोटर घ्या. शिकणाऱ्याचे बोट हलके नसते, म्हणून मोटरचा प्रतिसाद सरळ असणे मुलांसाठी अधिक गरजेचे असते. थ्रॉटल इतका दाबला की गाडी इतकी सरकते, हे नाते हाताला एकदा समजले की पुढचे शिकणे सोपे जाते. सेन्सरलेसच्या झटक्यात ते नाते तुटते आणि मूल उगाच स्वतःला दोष देत बसते. खर्चाचा प्रश्न असेल तर ब्रशची मोटरही अगदी उत्तम. सावकाश सुटण्यात ती सेन्सर्डच्या बरोबरीची आहे.

गंगापूररोड_पिनियन :
मधला मार्ग कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो. कॅसलच्या काही ईएससींमध्ये अशी सोय आहे की सुटताना ते सेन्सरवर चालतात आणि वेग आला की आपोआप सेन्सरलेस पद्धतीवर जातात. कंपनी त्याला स्मार्टसेन्स म्हणते. हॉबीविंगच्या क्विकरन मालिकेतला सेन्सर्ड १०बीएल६० हा ईएससी दोन्ही प्रकारच्या मोटरी चालवतो. म्हणजे आज जवळ असलेली सेन्सरलेस मोटर जोडता येते आणि पुढे सेन्सर्ड घेतली की फक्त एक वायर वाढते. निर्णयाचा भार मोटरवरून काढून ईएससीवर टाकावा, असे मला वाटते. ईएससी दोन्ही चालवणारा घेतला की मोटर नंतर बदलता येते. उलट फक्त सेन्सरलेस चालवणारा ईएससी घेतला तर पुढे पूर्ण संच बदलावा लागतो.

दिंडोरी_फवारणी :
पिनियनभाऊंशी सहमत.

सिन्नर_शॉर्टकोर्स :
हा सल्ला मलाही पटतो. माझा ट्रक मी सेन्सरलेसच ठेवणार, कारण माळावर मला दुसऱ्या कशाची गरज भासत नाही. पण आखीव ट्रॅकवर मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या बग्गीसाठी इंदिरानगरच्या ताईंनी जे सांगितले ते मी नाकारत नाही.

मखमलाबाद_मुरूम :
सर्वांचे मनापासून आभार. सेकंदाला एक मीटर वेगाचा हिशेब वाचल्यावर गाडी आमच्या त्या दोन वळणांत नेमक्या कोणत्या वेगात असते हे डोळ्यांसमोर आले आणि माझे मत बदलले. दोन्ही चालवणारा ईएससी आणि १३.५ वेढ्यांची सेन्सर्ड मोटर घेण्याचे ठरवतो आहे, सोबत एक जास्तीची वायरही. गटात नव्याने येणाऱ्यांना मात्र सेन्सरलेसची पूर्ण मोकळीक ठेवू, कारण जवळ आहे ती गाडी घेऊन लोक आले तरच ट्रॅक जिवंत राहील. फक्त निकाल वेगळे लावू.

आता गिअरिंगचे सांगा. स्पर गिअर ७८ दातांचा आहे आणि गिअरबॉक्सचे आतले गुणोत्तर २.६ आहे.

गंगापूररोड_पिनियन :
२३ दातांच्या पिनियनपासून (मोटरच्या शाफ्टवरचा लहान गिअर, जो मोठ्या स्पर गिअरला फिरवतो) सुरुवात करा. ७८ भागिले २३, गुणिले २.६, म्हणजे एकूण गुणोत्तर साधारण ८.८ येते. झाकणावरचे टायमिंग कमी ठेवा. पाच मिनिटे शर्यतीच्या वेगाने चालवा आणि गाडी थांबताच इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटरच्या डब्याचे तापमान घ्या. ७० अंशांच्या खाली असेल तर २४ दातांचा पिनियन लावून पाहा, गुणोत्तर ८.४५ होईल. ८० अंशांच्या जवळ गेले तर एक दात कमी करा. जास्त तापल्यावर रोटरच्या चुंबकाची शक्ती कायमची घटते आणि हॉल सेन्सरही धोक्यात येतात.

सातपूर_दुरुस्ती :
हे तापमान सकाळी घेतले असेल तर एप्रिल-मेच्या दुपारी पुन्हा घ्या. नाशिकचा पारा ४० च्या आसपास जातो तेव्हा सकाळी ७० वर थांबलेली मोटर दुपारी ८० ओलांडते. उन्हाळ्यात पिनियन एक दाताने लहान ठेवावा आणि मोटरवर छोटा पंखा बसवावा. पंख्याची वायर सेन्सरच्या वायरीपासून दूर, चेसिसच्या दुसऱ्या बाजूने न्यावी.